बदलीच्या गावी कॅमेरा अडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या नोकरीत बदलीचा कागद हातात पडला की माणूस आधी मुलांच्या शाळेचा, मग भाड्याच्या घराचा आणि मग सामानाच्या ट्रकचा विचार करतो. छंदाचे काय होणार, हा प्रश्न त्या यादीत नसतो. रत्नागिरीहून नागपूरला आलो तेव्हा माझ्याही यादीत तो नव्हता. पंधरा वर्षे न चुकता फोटो काढणाऱ्या माझ्याकडून नागपुरात पहिले सात महिने कोणाला दाखवावी अशी एकही फ्रेम निघाली नाही. त्या काळात मी स्वतःला विचारलेले, आणि पुढे नोकरी, लग्न किंवा शिक्षणामुळे गाव सुटलेल्या परिचितांनी मला विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे अनुभवातून आलेली असल्यामुळे उदाहरणे बहुतेक या दोन गावांचीच आहेत.

नव्या गावी आल्यापासून काहीच सुचत नाही. माझी नजरच गेली का?

नजर गेलेली नसते, परंतु ज्याला आपण नजर म्हणत होतो त्यात नजरेचा वाटा किती आणि माहितीचा किती, हे गाव सुटेपर्यंत कळलेले नसते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या केव्हा परततात, पाऊस थांबल्यावर कोणत्या गल्लीतला चिऱ्याचा गडगा सर्वांत आधी उजळतो, भाट्याच्या पुलावर कोणत्या ठिकाणी उभे राहिले असता खाडी आणि समुद्र एका चौकटीत येतात आणि जाळे विणत बसलेल्यांपैकी कोणाला कॅमेऱ्याची अडचण वाटत नाही, हे सगळे मला पाठ होते. त्या पाठांतराला मी इतकी वर्षे प्रतिभा समजत होतो. नागपुरात उतरलो तेव्हा डोळे तेच होते आणि कॅमेराही तोच होता, परंतु कोठे, केव्हा आणि कोणाकडे पाहायचे याची माहिती शून्यावर आली होती.

म्हणून माझ्या मते पहिल्या काही महिन्यांत फोटोंच्या मागे लागण्यापेक्षा ही माहिती जमवण्याच्या मागे लागावे. भाजी कोठे उतरते, कामगारांची पाळी केव्हा सुटते, कोणत्या रस्त्यावर सकाळचे ऊन सरळ आत शिरते, कोणता बाजार कोणत्या वारी भरतो, अशा नोंदींची एक लहान वही माझ्याकडे अजून आहे आणि तिच्यात फोटोविषयी एकही वाक्य नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे भरपूर फोटो निघाले आणि मग एकदम थांबले. असे का होते?

पहिल्या दोन आठवड्यांत आपण पाहुणे असतो. पाहुण्याला गावाने आपल्या पाटीवर लिहून ठेवलेल्या गोष्टी दिसतात. मीही दीक्षाभूमीचा स्तूप, फुटाळ्याची संध्याकाळ, रामटेकची मंदिरे आणि झिरो माइलचे दगडी घोडे असे सगळे पहिल्याच महिन्यात उरकले. त्या फोटोंत चूक काहीच नव्हती, मात्र ते कोणाचेही असू शकले असते. ती यादी संपली आणि भाड्याच्या घराला लागलेल्या ओलीवरून घरमालकाशी बोलणी सुरू झाली, त्या दिवशी मी पाहुणा राहिलो नाही. रहिवासी मात्र अजून झालो नव्हतो. ही मधली अवस्था बहुतेकांना लागते आणि कॅमेरा अडतो तो याच काळात.

नव्या ठिकाणचा प्रकाश खरोखरच वेगळा असतो की ते मनाचे खेळ असतात?

तो खरोखरच वेगळा असतो, आणि या प्रश्नाचे उत्तर मी थोडे लांबवणार आहे, कारण माझी निम्मी कोंडी येथेच सुटली.

भारतभर घड्याळ एकच असले तरी सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. नागपूर रत्नागिरीच्या पूर्वेला सुमारे पावणेसहा रेखांश आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूरची मध्यान्ह रत्नागिरीच्या तेवीसेक मिनिटे आधी होते. त्यात अक्षांशाचा फरक मिसळला की डिसेंबरात सूर्यास्तांमधले अंतर अर्ध्या तासाच्या थोडे वर जाते आणि जूनमध्ये ते पंधराएक मिनिटांवर येते. हिवाळ्यात रत्नागिरीला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळत असे, त्यामुळे शाखेतून साडेपाचला निघालो तरी मांडवीच्या जेट्टीवर शेवटचे ऊन हाती लागे. नागपुरात त्याच दिवसांत पाच वाजून पस्तीस-सदतीस मिनिटांनी सूर्य गेलेला असतो. म्हणजे मी रोज काम संपवून बाहेर येत होतो तो थेट संधिप्रकाशात, आणि वर स्वतःलाच दोष देत होतो की पूर्वीसारखे काही दिसत नाही. ऊनच नव्हते, तर दिसणार काय? हे एकदा कागदावर मांडल्यानंतर मी सकाळकडे वळलो. मेच्या अखेरीस नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि सात वाजेपर्यंत प्रकाश डोळ्यांना आणि अंगाला, दोन्हींना सोसवतो.

दुसरी गोष्ट हवेची. कोकणच्या हवेत वर्षातला बराच काळ बाष्प असते, ते प्रकाश पसरवते आणि सावल्यांच्या कडा मऊ करते. शिवाय समुद्र खालून प्रकाश परत पाठवतो आणि जांभ्याचा तांबडेपणा चेहऱ्यांवर उतरतो. विदर्भातल्या काळ्या मातीवरून प्रकाश फारसा परतत नाही. हिवाळ्यातली कोरडी हवा कडा चाकूने कापल्यासारख्या दाखवते, तर मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की आकाश निळे न राहता पांढरट होते. अशा आकाशाचा मोठा भाग चौकटीत आला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि माणूस काळा येतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावे किंवा, मला अधिक आवडणारा उपाय म्हणजे, आकाश चौकटीतून सरळ काढून टाकावे. रत्नागिरीत आकाशावाचून मी फोटो क्वचितच काढला असेन, त्यामुळे ही सवय लागायला वेळ लागला.

तिसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. डिसेंबरच्या भर मध्यान्ही नागपुरात सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते आणि दुपारी बारालाही चेहऱ्याला आकार मिळतो. उलट मेच्या शेवटच्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवशी, तो अगदी डोक्यावर येतो. रत्नागिरीत हाच दिवस ८ मेच्या आसपास असतो. आपण जेथे गेला आहात तेथील सूर्योदय, सूर्यास्त आणि मध्यान्हीची उंची ही तीन माहितीची कलमे पहिल्याच आठवड्यात मिळवावीत. नव्या लेन्सपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो आणि ती फुकट असतात.

मग नवी लेन्स घेऊ नये का?

पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नये. लांबच्या होड्या टिपण्यासाठी मी वापरत असलेली टेलिफोटो नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी निरुपयोगी ठरली, कारण तापलेल्या डांबरावरची हवा लाटांसारखी हलते आणि दूरचे सगळे पातळ, थरथरते दिसते. कितीही महाग लेन्स घेतली तरी त्यावर इलाज नाही. मी जुनी ५० मिलिमीटरची लेन्स लावली आणि जवळ गेलो, एवढाच बदल केला. कोकणात लेन्सला बुरशीची भीती होती, येथे सेन्सरवर बसणाऱ्या धुळीची आहे; रस्त्यावर उभे राहून लेन्स बदलणे टाळावे.

भाषा मराठीच आहे, तरी परके का वाटते?

बदलीच्या गावी भाषा तीच असली की माणूस गाफील राहतो. नागपुरातल्या पहिल्या आठवड्यात इतवारीतल्या एका ठेल्यावर तर्री पोहे घेताना ठेलेवाल्याने विचारले, "सांबार टाकू का भाऊ?" पोह्यांवर कोणी सांबार ओतते का, या विचाराने मी घाईघाईने नको म्हटले आणि शेजारच्या प्रत्येकाच्या बशीत हिरवीगार कोथिंबीर पडताना पाहत माझे कोरडे पोहे संपवले. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला शाखेतल्या शिपायाने सांगितले आणि त्यानंतर आठवडाभर सगळी शाखा हसत होती.

याचा फोटोशी संबंध आहे. आपल्या गावात कानावर पडणाऱ्या अर्ध्या वाक्यावरून पुढे काय घडणार आहे हे कळते आणि हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. नव्या गावात शब्द कळतात, पण त्यामागची हालचाल कळत नाही. हमालांच्या एका ओरडण्याचा अर्थ "बाजूला व्हा" असा होता की "घ्या, उचला" असा, हे ओळखता येऊ लागल्यावरच मला बाजारातले फोटो वेळेवर मिळू लागले; त्याआधीचे सगळे एक क्षण उशिराचे आहेत.

अनोळखी माणसांसमोर कॅमेरा काढण्याचा धीर होत नाही. काय करावे?

संकोच असणे चांगले आहे. तो अजिबात नसलेल्या माणसांचे फोटो पाहताना मलाच अवघडल्यासारखे होते. उपाय म्हणून मी एकच जागा निवडली, कॉटन मार्केटजवळचे एक चहाचे दुकान, आणि आठवड्यातून तीन सकाळी तेथे जाऊ लागलो. पहिले दहा-बारा दिवस कॅमेरा पिशवीतच होता. शेवटी दुकानदारालाच राहवले नाही. "काय भाऊ, रोज येऊन राहिले, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले, कोणाची वाट पाहून राहिले का?" मी कॅमेरा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, स्वतःच्या मुलाचा एक फोटो काढला आणि परत दिला. तो फोटो हललेला होता. त्याचा छोटा प्रिंट पुढच्या आठवड्यात मी त्यांना नेऊन दिला आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देण्याचे काम तेव्हापासून त्यांनीच अंगावर घेतले.

प्रिंट देणे ही जुनी आणि अजून चालणारी गोष्ट आहे. मोबाइलवर पाठवलेला फोटो उद्या खाली जातो, कागदावरचा गल्ल्यामागच्या भिंतीला लागतो. एक सूचना मात्र पाळावी. लहान मुले, रुग्णालये, अंत्ययात्रा आणि लष्करी भाग यांच्या बाबतीत परिचय झाला म्हणून सैल होऊ नये. कामठीसारख्या छावणीच्या परिसरात तर आधी विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढूच नये.

दररोज एक फोटो काढण्याचा नेम धरावा का?

अनेकांना तो मानवतो. मला मानवला नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकरा वाजता मी स्वयंपाकघरातल्या चमच्याचा फोटो काढत होतो, केवळ त्या दिवसाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून. नेम धरायचाच असेल तर जाण्याचा धरावा, काढण्याचा नको: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी हजर राहायचे आणि काही दिसले नाही तर रिकाम्या हाताने परत यायचे.

जुन्या गावाचे फोटो पाहत बसावे की नाही?

एकदा, हिशेब तपासावा तसे पाहावेत. मी माझ्या आवडत्या दोनशे फोटोंची छाननी केली तेव्हा अर्ध्याहून जास्त फोटो पश्चिमेकडे तोंड करून काढलेले निघाले. बहुतेकांत क्षितिजाची आडवी रेघ होती आणि ती जवळजवळ नेहमी वरच्या तिसऱ्या भागात होती. माणसे बहुधा पाठमोरी होती. म्हणजे ज्याला मी माझी शैली म्हणत होतो, ती बऱ्याच अंशी समुद्राने घालून दिलेली शिस्त होती. समुद्र नसलेल्या, तिन्ही-चारी बाजूंनी घरांनी किंवा सपाट शेतांनी वेढलेल्या जागी मी नकळत तीच आडवी रेघ शोधत होतो आणि ती सापडत नाही म्हणून जागेलाच नापास करत होतो. फुटाळा तलावावर मी वारंवार का जात होतो याचा उलगडाही तेव्हाच झाला. मी तेथे तलाव पाहायला जात नव्हतो, भाट्याची चौपाटी शोधायला जात होतो. छाननी झाल्यावर ती हार्ड डिस्क मी कपाटात ठेवली.

प्रसिद्ध छायाचित्रकारांनाही असे होते का?

होते, आणि काहींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे टिकते. आंद्रे केर्तेस यांचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. बुडापेस्टमध्ये १८९४ साली जन्मलेले केर्तेस १९२५ मध्ये पॅरिसला गेले आणि तेथे नावारूपाला आले. १९३६ मध्ये ते एका कराराच्या निमित्ताने न्यूयॉर्कला पोहोचले, पण ते काम लवकरच फिसकटले, इंग्रजी जमेना आणि युद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधने आली. आल्यानंतरच्या वर्षी त्यांनी एका उंच इमारतीच्या कडेला एकटाच अडकलेला इवलासा ढग टिपला. वाट चुकलेला ढग, असेच त्या फोटोचे नाव आहे. पुढे पंधराएक वर्षे ते घरसजावटीच्या एका मासिकासाठी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे फोटो काढत राहिले. तरीही १९५२ मध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरसमोरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहायला गेल्यावर त्यांनी खिडकीतून खालच्या उद्यानाचे फोटो काढायला सुरुवात केली. बर्फात उमटलेली पावले आणि पानगळलेली झाडे यांचे ते फोटो आज त्यांच्या सर्वोत्तम कामात गणले जातात. ते न्यूयॉर्कवर कधीच पूर्ण खूश झाले नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. फोटो चांगले येण्यासाठी गाव आवडलेच पाहिजे असे नाही.

याच्या उलट रॉबर्ट फ्रँक. स्वित्झर्लंडमधून १९४७ मध्ये अमेरिकेत गेलेल्या या माणसाने १९५५-५६ मध्ये गाडीने देश पालथा घातला आणि परकेपणालाच कामाला लावले. सत्तावीस-अठ्ठावीस हजार फ्रेम्समधून त्यांनी पुस्तकासाठी ८३ निवडल्या. आपण महिन्याभरात शंभर फोटो काढून त्यातला एकही बरा नाही म्हणून हताश होतो, तेव्हा हे प्रमाण आठवावे.

आपल्याकडच्या होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो स्वतःच्या निर्णयाने. कॅमेरा खाली ठेवणे म्हणजे प्रत्येक वेळी अडणे नव्हे, म्हणून त्यांचा उल्लेख येथे केला.

सगळे म्हणतात, नागपूरला आहात तर ताडोबाला जा. जावे का?

जावे, वाघ पाहायला जावे. फोटोंची कोंडी फोडण्यासाठी जाऊ नये. तेथे प्रकाश, अंतर आणि वेळ हे तिन्ही जिप्सीच्या हाती असते, आणि परत आल्यावर आपल्या गल्लीत पुन्हा तेच रिकामपण वाट पाहत असते.

त्यापेक्षा गावाचे स्वतःचे दिवस पाहावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा पुकारा चालतो. कोकणातून आलेल्या माणसाला हे सगळे पूर्णपणे नवे असते. पण पहिल्या वर्षी कॅमेरा घरी ठेवून मिरवणुकीत चालावे, असा माझा आग्रह आहे. मिरवणूक कोठे थांबते, कोणत्या वळणावर दाटी होते आणि पुतळ्यांवर ऊन केव्हा येते हे एकदा पायांना कळले की दुसऱ्या वर्षी धक्काबुक्कीत कॅमेरा चालवता येतो. ऋतूंचेही तसेच. फाल्गुनात गावाबाहेर पळस पेटतो, कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग आंबिया बहाराला एका उन्हात आणि मृग बहाराला निराळ्याच उन्हात दिसतात. संपूर्ण एक वर्ष गेल्याशिवाय गावाबद्दल मत देऊ नये.

नोकरी आणि घर सांभाळून बाहेर पडायला वेळच नसेल तर?

खिडकी आहे. माझी कोंडी फुटली ती मार्च महिन्यात, घरातच. नागपुरात उन्हाळा जवळ आला की घरोघरी खिडक्यांना लोखंडी घोड्यांवर ठेवलेले पत्र्याचे कूलर जोडले जातात, त्यांच्या गवताच्या ताट्या बदलल्या जातात, काही हौशी घरांत वाळाही घालतात. समोरच्या इमारतीवर एका रविवारी मी असे अकरा कूलर मोजले. आमच्या नेमक्या समोरच्या कूलरचा निळा रंग पोपडे धरून सुटला होता, खालच्या कोपऱ्यातून पाणी थेंबाथेंबाने भिंतीवर झिरपत होते आणि त्या भिजलेल्या पट्ट्यात, बोटभर रुंदीची, खरी हिरवी शेवाळ धरली होती. तिला लगटून एक साळुंकी थेंब टिपत होती. बाहेर त्रेचाळीस अंश होते. भिंतीवरची शेवाळ ही माझी ओळखीची गोष्ट. रत्नागिरीत ती पावसाने धरते, येथे ती माणसाने पाणी ओतून उन्हाळ्यात धरली होती. मी पडद्याआडून चाळीसेक फोटो काढले आणि त्यातले दोन ठेवले. त्यानंतर तीन उन्हाळे मी कूलरच टिपतो आहे, पुढची बाजू कमी आणि मागची जास्त.

मला ओळखणारे सगळे जुन्या गावाचेच फोटो मागतात. त्यांना काय सांगावे?

काही सांगण्याची गरज नाही. माझी ओळख "कोकणवाले" अशी होती, त्यामुळे कूलरचा पहिला फोटो टाकला तेव्हा एका जुन्या मित्राने "तब्येत बरी आहे ना?" असे विचारले. मी सहा महिने काहीच टाकले नाही आणि फोटो फक्त दोन माणसांना दाखवले. त्यातील एक नागपूरचे होते. गावकऱ्याला फोटो दाखवण्याचा फायदा असा की आपल्याला नवलाचे वाटते ते त्याला नेहमीचे असते आणि फोटोत केवळ नवल आहे की आणखी काही, हे तो पटकन सांगतो.

परदेशी गेलेल्यांनाही हेच लागू होते का?

बरेचसे होते, फक्त प्रकाशातील फरक मिनिटांचा न राहता तासांचा होतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो आणि मध्यान्हीही क्षितिजापासून १४-१५ अंशांच्या फार वर चढत नाही, त्यामुळे सावल्या उंचीच्या जवळजवळ चौपट लांब पडतात. जूनमध्ये तोच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत असतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने सकाळी सहाला उठून "चांगला प्रकाश" गाठू पाहणारा माणूस तेथे हिवाळ्यात अंधारात उभा राहतो आणि दुपारी बाराचा उत्तम प्रकाश टाकून देतो. लोकांच्या फोटोंचे नियमही वेगळे असतात. जर्मनीत व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करण्यासाठी सामान्यतः तिची संमती लागते, काही अपवाद सोडले तर; आपल्या बाजारातल्या मोकळेपणाची सवय तेथे नेऊ नये.

हे नैराश्य तर नसेल?

असू शकते, आणि दोन्हींत गल्लत करू नये. फोटो सुचत नाहीत पण जेवण, झोप, गप्पा आणि क्रिकेट यांत गोडी आहे, तर काळजीचे कारण नाही. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. त्या वेळी कॅमेऱ्याचा विचार बाजूला ठेवावा.

सुट्टीत जुन्या गावी गेल्यावर भरपूर फोटो काढून आणावेत का?

साठा म्हणून आणू नयेत. पहिल्या वर्षी गणपतीला घरी गेलो तेव्हा मी तीन दिवसांत सहाशे फोटो काढले आणि परत आल्यावर त्यातले पन्नासही उघडून पाहिले नाहीत. (पावसाळ्यात कोकणात नेलेली लेन्स आल्या आल्या पेटीत बंद करू नये, दोन दिवस उघड्या, कोरड्या जागी ठेवावी आणि मग सिलिका जेलबरोबर आत टाकावी.) गेल्या शिमग्याला मात्र उलटे झाले. पालखी घरी येऊन गेली होती आणि दुपारी चारच्या सुमारास मी मागच्या पडवीत आडवा झालो होतो. गजांच्या सावल्या सारवलेल्या जमिनीवरून भिंतीवर चढल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या तांब्याच्या हंड्यावर त्यांचे तुकडे झाले होते. आकाशाचा एक कणही न घेता, ५० मिलिमीटरची लेन्स लावून, मी तासभर तेवढ्याच कोपऱ्यात होतो. संध्याकाळी आईने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते एकेक करून पाहिले आणि विचारले, "यंदा समुद्राचा एकही नाही काढलास तो?" तोपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते.